काल येत होते, आज आठवत का नाही? मुलांच्या शिकण्यातील आनंदामागचे शास्त्र

उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात नागपुरातील अनेक घरांत साधारण सारखाच प्रसंग घडतो. मार्चमध्ये सातचा पाढा न अडखळता म्हणणारे मूल ‘सात सक किती?’ या प्रश्नावर थांबते आणि म्हणते, “मला येत होतं ना आई, आता आठवूनच नाही राहिलं.” आईला वाटते की मुलाचे लक्ष नाही, वडिलांना वाटते की शिकवणी लावावी, आणि आजीचे म्हणणे असते की पूर्वीसारखे पाठांतर उरले नाही म्हणून हे होते.

दुसरीकडे, शिक्षण आनंददायी असावे असा आग्रह सर्वत्र ऐकू येतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आणला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही खेळातून व कृतीतून शिकण्यावर भर आहे. पालकांच्या मनात येणारा प्रश्न रास्त आहे. शनिवार आनंदाचा असेल, तर सोमवार ते शुक्रवार कशाचे? आणि आनंदाच्या मागे लागून पाढे राहून गेले, तर पुढे मुलाचे काय होणार?

माझे मत असे आहे की हा प्रश्न मुळातच चुकीच्या जागी विभागला गेला आहे. आनंद एका बाजूला आणि अभ्यास दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करण्याची गरज नाही. शिकलेले टिकते कशामुळे हे समजून घेतले की मुलाला आनंद कशातून मिळतो याचेही उत्तर बरेचसे तिथेच सापडते.

छोटा ओटा आणि मोठे फडताळ

स्वयंपाकघरात काम करण्यासाठी एक ओटा असतो आणि सामान ठेवण्यासाठी फडताळ असते. फडताळात पुष्कळ सामान मावते, पण प्रत्यक्ष काम ओट्यावरच होते आणि ओट्याची जागा मोजकी असते. मनाचेही असेच आहे. या क्षणी ज्या गोष्टींवर आपण विचार करत आहोत, त्या धरून ठेवणाऱ्या भागाला मानसशास्त्रात ‘कार्यस्मृती’ म्हणतात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये तिची मर्यादा सुमारे सात घटकांची असल्याचे मांडले, आणि नंतरच्या संशोधनाने ती आणखी कमी, साधारण चारच्या आसपास असल्याचे दाखवले. लहान मुलांचा ओटा तर मोठ्यांपेक्षाही लहान असतो. याउलट दीर्घकालीन स्मृतीचे फडताळ इतके मोठे आहे की ते भरून गेल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

मूल गोंधळते तेव्हा बहुतेक वेळा बुद्धी कमी पडत नसते, तर ओटा भरून गेलेला असतो. तिसरीतले मूल शाब्दिक उदाहरण सोडवत आहे असे समजा. त्याला अक्षरे जुळवून वाक्य वाचायचे आहे, वाक्याचा अर्थ लावायचा आहे, बेरीज की वजाबाकी हे ठरवायचे आहे आणि हातचाही लक्षात ठेवायचा आहे. त्यातले वाचन सहज होत असेल, तर ओट्यावर गणितासाठी जागा राहते. वाचनच अडखळत असेल, तर गणित येत असूनही उदाहरण चुकते आणि घरी ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो.

‘सत्तावीस’ की ‘वीस सात’?

याचे एक अस्सल मराठी उदाहरण २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’, बावीससाठी ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि मोठा वाद झाला. आपल्या भाषेवर हा घाला आहे असे अनेकांना वाटले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा यामागील अडचण समजावून सांगितली होती. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची हे बाजूला ठेवून ती अडचण पाहू, कारण ती खरी आहे.

‘सत्तावीस’ हा शब्द ऐकताना मुलाला आधी सात ऐकू येतात आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे आणि मग सात. त्यामुळे कित्येक मुले ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहितात. त्यात भर म्हणून ‘एकोणतीस’ ऐकताना तीस ऐकू येते, पण लिहायचे असते २९. ‘पंचावन्न’, ‘छप्पन्न’, ‘त्रेसष्ट’, ‘अडुसष्ट’ या शब्दांत पन्नास आणि साठ ओळखूसुद्धा येत नाहीत. मोठ्यांच्या फडताळात हे शंभर शब्द कधीचेच रचून ठेवलेले असल्यामुळे आपल्याला यात काही कठीण वाटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र शब्द उलगडणे, त्याची उलटापालट करणे आणि दशक-एकक ओळखणे अशी तीन कामे एकाच वेळी ओट्यावर करावी लागतात. इंग्रजीतील ‘ट्वेंटी सेव्हन’ किंवा तेलुगू-कन्नडमधील संख्यानामे ज्या क्रमाने बोलली जातात त्याच क्रमाने लिहिली जातात, म्हणून तिथे ही अडचण नाही.

‘सत्तावीस’ हा शब्द आपला आहे आणि तो राहिलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. परंतु सुरुवातीच्या काही आठवड्यांत ‘दोन दहा आणि सात सुटे, म्हणजे सत्तावीस’ असे दहाच्या गठ्ठ्यांनी आणि सुट्या काड्यांनी दाखवले, तर शब्दही टिकतो आणि संख्याही समजते. ओट्यावरचा भार हलका करणे याचा अर्थ एवढाच आहे. त्याने विषय सोपा होत नाही, विषयाकडे जाणारा रस्ता सोपा होतो.

वाचताना येते, परीक्षेत जाते

आता ‘आठवूनच नाही राहिलं’ या तक्रारीकडे वळू. धडा तीनदा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचा वाटला की आला असे वाटते. हा आभास लहानांना होतो तसाच मोठ्यांनाही होतो. ओळखणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. सीताबर्डीच्या गर्दीत एखादा चेहरा आपण लगेच ओळखतो, पण त्या व्यक्तीचे नाव काही केल्या आठवत नाही. परीक्षेत आणि आयुष्यात उपयोगी पडते ते आठवणे, आणि घरी सराव होतो तो ओळखण्याचा.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींना त्यांनी उतारा पुन्हा वाचायला लावला आणि काहींना तो बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनंतर चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि स्वतः आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुढे शाळकरी मुलांवर झालेल्या प्रयोगांतही याच प्रकारचा परिणाम दिसून आला. या पद्धतीला आपण ‘आठवण्याचा सराव’ म्हणू.

याचे कारण आपल्याकडच्या पांदणीवरून चांगले समजते. शेतात जाणारी पांदण रोज बैलगाडी गेली की मोकळी राहते, आणि पावसाळ्यात दोन महिने कोणी गेले नाही की गवताने बुजते. बांधावर उभे राहून पांदणीकडे कितीही पाहिले तरी ती मोकळी होत नाही, तिच्यावरून चालावेच लागते. धडा पुन्हा पुन्हा वाचणे हे बांधावरून पाहणे आहे, आणि पुस्तक मिटून आठवणे हे प्रत्यक्ष चालणे आहे.

घरी हे करायला कोणताही खर्च येत नाही. पुस्तक मिटायचे आणि मुलाला म्हणायचे, “आता मला सांग.” पाढे क्रमाने म्हणवून घेण्याबरोबर मध्येच ‘सात सक?’ विचारायचे, आणि कधी उलट ‘बेचाळीस कुणाकुणाच्या पाढ्यात येतात?’ असेही विचारायचे. उत्तर चुकले तर लगेच बरोबर उत्तर सांगायचे, रागवायचे नाही, आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. या सरावाला गुण द्यायचे नाहीत. गुण आले की मूल आठवण्याऐवजी घाबरू लागते, आणि भीती ओट्यावरची बरीच जागा व्यापते.

मे महिन्यात विसरलेले जूनमध्ये परत कसे येते?

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने किती उरले ते मोजायचे, असे काम त्यांनी विलक्षण चिकाटीने केले. त्यांना आढळले की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावतो. पालकांना अधिक दिलासा देणारी त्यांची दुसरी नोंद मात्र फारशी सांगितली जात नाही. पूर्ण विसरल्यासारखे वाटलेलेही पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. गवताने बुजलेली पांदण नव्या पांदणीपेक्षा लवकर मोकळी होते, तसेच हे आहे.

म्हणून जूनअखेरीस पाढा विसरलेल्या मुलाला ‘सगळे वाया गेले’ असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्याला आठवडाभर रोज दहा मिनिटे दिली, तर बहुतेक गोष्टी परत येतात. यातूनच दुसरे सूत्र मिळते, ते म्हणजे अंतर ठेवून उजळणी. रविवारी सलग दोन तास बसवण्यापेक्षा तोच वेळ आठवडाभर थोडा थोडा विभागला तर अधिक टिकतो. थोडेसे विसरायला लागल्यावर आठवण्याचे श्रम पडतात आणि त्या श्रमानेच स्मृती पक्की होते. झोपेतही दिवसभर शिकलेल्याची घडी बसते, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला जागवणे हे दुहेरी नुकसान आहे.

मग आनंद येतो कुठून?

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी संत्र्यांचा तास पाहिला. मृग बहाराची संत्री बाजारात आली होती आणि अपूर्णांक शिकवायचे होते. शिक्षिकेने मोठ्या हौसेने टोपलीभर संत्री आणली. मुलांनी साली सोलल्या, सालींचे तुकडे चिकटवून चित्र केले, फोडी वाटून खाल्ल्या. वर्ग आनंदाने भरून गेला होता. पंधरा दिवसांनी मी त्याच मुलांशी बोललो, तेव्हा त्यांना सालींचे चित्र आठवत होते, कोणाच्या डोळ्यात रस उडाला तेही आठवत होते, परंतु तीन दशांश म्हणजे किती हे सांगता येत नव्हते.

मुलाच्या मनात ज्याचा विचार घोळतो तेच त्याच्या लक्षात राहते. त्या तासात मुलांनी विचार केला तो सालींचा आणि डिंकाचा. याच संत्र्याच्या दहा फोडी समोर ठेवून विचारता आले असते, “तीन फोडी खाल्ल्या, तर संत्र्याचा कितवा भाग उरला? दुसऱ्या संत्र्यात अकरा फोडी निघाल्या. त्यातल्या तीन खाल्ल्या, तर जास्त संत्रे खाल्ले की कमी?” हा दुसरा प्रश्न मोठ्यांनाही क्षणभर थांबवतो. मुले त्यावर भांडतात, फोडी पुन्हा मोजतात, आणि कोणाच्या तरी चेहऱ्यावर अचानक उजेड पडतो. तो आनंद गणितातला आहे. पहिल्या तासातला आनंद गणिताशेजारी होता.

हा फरक ओळखणारी माणसे आपल्या भागात फार पूर्वी होऊन गेली आहेत. नागपूरहून सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवर, वर्ध्याला, १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिथून ‘नई तालीम’ची कल्पना देशासमोर आली. टकळीवर सूत काढताना मूल तारांची लांबी मोजते, वेळ आणि सूत यांचा हिशेब करते, कापूस कोणत्या मातीत येतो हे विचारते, अशी ती कल्पना होती. हात ज्या कामात आहेत त्याच कामात विचारही आहे. तिच्याही आधी, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि ताराबाईंनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडीचा प्रयोग केला. त्यांच्या बालवाडीत महागडी साधने नव्हती. बिया, शिंपले, पाने अशा परिसरातील वस्तूंवर काम चाले.

आनंदाची दुसरी अट पातळीची आहे. फार सोपे काम मुलाला कंटाळवाणे वाटते आणि फार कठीण काम त्याला हरवते. थोड्या मदतीने जमेल असे काम मिळाले की मूल स्वतःहून पुढे सरकते. पहिल्यांदा सायकल शिकणाऱ्या मुलाकडे पाहा. ते पडते, खरचटते, तरी पुन्हा बसते, कारण कालपेक्षा आज चार हात पुढे गेल्याचे त्याला स्वतःला दिसते. शाळेत असे होत नाही याचे मोठे कारण म्हणजे पुस्तक इयत्तेनुसार चालते आणि मूल आपल्या पातळीवर असते. ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार तिसरीतील केवळ २७ टक्क्यांच्या आसपास मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. उरलेल्या मुलांसमोर तिसरीचे पुस्तक कितीही रंगीत छापले तरी त्यांना त्यातून आनंद मिळणे कठीण आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार करून शिकवण्याची जी पद्धत वापरली, तिचे चांगले परिणाम अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या पुढे नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांतूनही दिसले आहेत.

बक्षीस दिले तर बिघडते काय?

‘शंभरपैकी नव्वद आण, सायकल घेऊन देतो’ असे म्हणण्यात प्रेमच असते. परंतु १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग विचार करायला लावतो. रंगीत पेनांनी चित्रे काढायला ज्यांना मनापासून आवडत होते, अशी बालवाडीतील मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यास मानपत्र मिळेल. काहींना ते न सांगता दिले आणि काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तेव्हा आधीच कबूल केलेले मानपत्र मिळालेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत होती. आवडीचे काम मोबदल्याचे काम झाले होते. अनपेक्षित बक्षिसाने मात्र हे नुकसान झाले नव्हते. तेव्हा सायकल अवश्य घ्यावी, फक्त ती गुणांना बांधू नये.

पाठांतर सोडून द्यायचे का?

मुळीच नाही, आणि इथे आजीचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. पाढे फडताळात पक्के बसले, तर भागाकार करताना ओटा मोकळा राहतो. प्रत्येक वेळी सात सहा वेळा मोजत बसणाऱ्या मुलाला भागाकाराची रीत समजून घ्यायला जागाच उरत नाही. फरक क्रमाचा आहे. सात सक म्हणजे सातच्या सहा रांगा हे चिंचोके मांडून एकदा पाहिले, मग पाठ केले, तर पाढा विसरला तरी मूल तो पुन्हा उभा करू शकते. अर्थाशिवाय केलेले पाठांतर मध्येच तुटले की मूल पुन्हा ‘सात एके सात’पासून सुरू करते, हे सगळ्यांनीच पाहिले आहे.

“आमचा मुलगा बघून शिकणारा आहे”

काही मुले बघून, काही ऐकून आणि काही हाताळून शिकतात, ही समजूत शिक्षकांतही फार पसरलेली आहे. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरे आहे. पण त्या आवडीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते का, याचा आढावा हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतला, तेव्हा त्यासाठी पुरेसा पुरावा आढळला नाही. नकाशा सगळ्यांनाच पाहावा लागतो आणि कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि शिकण्याचा प्रकार सांगणाऱ्या चाचण्यांची जाहिरात हल्ली जोरात होते. त्यांना वैज्ञानिक आधार नाही. त्यावर काही हजार रुपये घालवण्यापेक्षा मुलाला गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात दोनदा न्यावे. नेताना प्रत्येक मांडणीसमोर बटण दाबण्याआधी ‘काय होईल असे तुला वाटते?’ एवढे विचारावे. आधी अंदाज बांधला, की खरे काय होते हे मूल डोळे मोठे करून पाहते.

खेळत बसले तर अभ्यासक्रम कधी संपणार, आणि आम्हालाच येत नसेल तर?

शिक्षकांची अडचण खरी आहे. एकेका वर्गात चाळीस-पन्नास मुले आणि वर इतर कामांचा बोजा असताना रोज नवा खेळ योजणे शक्य नाही. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींपैकी कशालाच वेगळा तास लागत नाही. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे मागच्या आठवड्यातील तीन प्रश्नांना दिली, तरी आठवण्याचा सराव आणि अंतराची उजळणी दोन्ही साधतात. पुढे न घाईने शिकवावे लागते, न पुन्हा पुन्हा.

पालकांची शंका वेगळी असते. इतवारीत दुकान चालवणाऱ्या किंवा चार घरी स्वयंपाक करणाऱ्या आईला इंग्रजी माध्यमाचे विज्ञान येत नाही, आणि ती संकोचाने अभ्यासापासून दूर राहते. तिने दूर राहू नये. तिला उत्तर येण्याची गरज नाही. तिने एवढेच म्हणावे, “मला हे माहीत नाही, तू समजावून सांग.” सांगताना मूल जिथे अडते, तिथेच त्याला पुस्तक उघडण्याचे खरे कारण मिळते. मात्र विचारल्यावर थांबायला हवे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक होऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. पोळी लाटता लाटता ‘सात सक?’ विचारले आणि मुलाची नजर छताकडे गेली, तर ती पोळी तव्यावर टाकून शेकून होईपर्यंत काही बोलू नये.